घोट्यावरचे ठोके

ज्या दिवशी यंत्राला माणसाच्या जिवाची किंमत कळली, तो दिवस मानवजातीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं पैनथडी सिमेंटचे उपाध्यक्ष सहस्रबुद्धे यांनी २०४१ च्या फेब्रुवारीत सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भेंडवी गावाजवळच्या त्यांच्या कारखान्यात, हातात फीत कापायची कात्री घेऊन. मग त्यांनी बटण दाबलं. मिल सुरू झाली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आत मानवी कवटी. शक्यता ६२ टक्के.'

दोन तास शोधाशोध झाली. पूजेचा नारळ कुणीतरी भक्तिभावाने मिलच्या आतच ठेवला होता.

कंपनीने यातून असा निष्कर्ष काढला, की यंत्र अपेक्षेपेक्षाही चांगलं आहे.

यंत्राचं नाव जीवसाक्षी. सिमेंटची मिल म्हणजे आडवं ठेवलेलं, बारा मीटर लांबीचं लोखंडी पिंप. त्यात मोसंब्याएवढे, तीन-तीन किलोचे पोलादी गोळे असतात. सगळे मिळून चौऱ्याऐंशी टन. पिंप फिरलं की गोळे उसळून आदळतात आणि त्यांच्यामध्ये जे सापडेल त्याचं पीठ होतं. पिंप फिरवणारी मोटर तीन हजार किलोवॅटची. एवढी मोटर घरच्या मिक्सरसारखी खटकन सुरू करता येत नाही. उभी असताना ती उठायला म्हणून नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते आणि आजूबाजूच्या गावांतले दिवे मान टाकतात. म्हणून तिला स्टार्टर लागतो. तो तिला हाताला धरून हळूहळू उठवतो.

जीवसाक्षी हा असाच स्टार्टर होता. फक्त उठवण्याआधी तो मोटरीला विजेचा एक बारीक झटका द्यायचा. पिंप केसभर थरथरायचं आणि त्या थरथरीचा पडसाद मोटरीच्या तारांमधून परत यायचा. पोलाद पडसाद खणखणीत परत करतं, दगड बोथट करून परत करतो, आणि मऊ, ओलं शरीर तो गिळून टाकतं. किती गिळला गेला यावरून आत कोण आहे हे स्टार्टर सांगायचा. दूरच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आत उतरलेल्या दोघांवर मिल सुरू झाली होती. त्यानंतर मोठ्या मोटरींना असा स्टार्टर लावणं कायद्याने भाग पडलं. त्याचा पडदाही कामगारांना दिसेल असा, भिंतीएवढा, बाहेर लावायचा होता. पारदर्शकता म्हणून.

कामगार त्याला सासरा म्हणत. कशालाही आधी नाही म्हणतो म्हणून.

सासऱ्याच्या मदतीला प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा दिला होता. कोण कुठे आहे, नाडी किती, हे तो सतत कळवायचा. पंधरा-वीस मीटरचा फरक पडायचा, पण लोखंडाच्या जंगलात तेवढं चालतं. पट्टा जिवंत कातडीला टेकलेला नसला की बोंब मारायचा, त्यामुळे खुंटीला अडकवून हजेरी लागत नव्हती. यावर कामगारांनी आठवडाभरात उपाय काढला. जो येणार नाही त्याचा पट्टा मित्राने आपल्या घोट्यावर बांधायचा आणि वर मोजा ओढायचा. त्यामुळे कुठल्याही दिवशी पैनथडीच्या पाळीत सव्वाशे जण कामावर असत. त्यातले शंभर मनगटाने आणि पंचवीस घोट्याने.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी वीजविभागाचे फोरमन घनश्याम बोरकुटे यांच्या डाव्या घोट्यावर त्यांच्या जावयाचा पट्टा होता.

"मामाजी, दोनच दिवस," प्रज्वलने आदल्या दिवशी पट्टा हातात देताना विनवलं होतं. "हैदराबादले जाऊन येतो."

"केसासाठी?"

"हळू बोला न! स्वरालीले सांगितलं, नागपूरले ट्रेनिंग आहे."

"आन् केस उगवल्यावर? तिले दिसन नाही का?"

"उगवाले सहा महिने लागते. तेव्हाचं तेव्हा पाहू."

घनश्यामला जावयाच्या टकलाचं काही वाटत नव्हतं. पण आपली मुलगी स्वराली चारचौघांत त्या टकलाला हेलिपॅड म्हणायची, जावई सगळ्यांबरोबर हसायचा आणि मग ताटावरून अर्धपोटी उठायचा, हे त्याने दोनदा पाहिलं होतं. त्याने पट्टा घेतला. चार वर्षांनी निवृत्ती होती. दुसऱ्याचा पट्टा बांधणं आता फौजदारी गुन्हा होता. पण कारखान्यात पंचवीस जण करतात तो गुन्हा राहत नाही, तो रिवाज होतो.

त्या दिवशी सकाळी मिलच्या आतली दुरुस्ती संपली. वरून आठ टन नवे गोळे ओतले, झाकण लावलं, आणि साडेदहाला घनश्यामने काचेच्या पॅनलरूममधून बटण दाबलं. मोटर हलली नाही. पडद्यावर आलं:

'आत मानवी देह. प्रज्वल गौरकार, दुरुस्ती विभाग. वजन ५८ किलो. ठोके ७२. शक्यता ९१ टक्के.'

घनश्याम पडद्याकडे बघत राहिला. ठोके ८५ झाले.

झालं काय ते त्याला लगेच कळलं. कशानेतरी पडसाद परत येत नव्हता. स्टार्टरला वाटलं, आत शरीर आहे. कुणाचं, म्हणून त्याने जवळपासचे पट्टे शोधले, तेव्हा कुठल्याच कामावर नोंद नसलेला एकच पट्टा मिलपाशी सापडला, घनश्यामच्या घोट्यावरचा. आणि वजन? ते त्याने मोजलं नव्हतंच, आरोग्य तपासणीच्या जुन्या नोंदीतून उचललं होतं. प्रज्वल लग्नाआधी अठ्ठावन्न किलो होता. दीड वर्ष सासरी रविवारचं मटण खाऊन तो सहासष्टच्या खाली नव्हता.

दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं. पण त्या दोन वाक्यांत घनश्यामची नोकरी, तुरुंग आणि मुलीचा संसार एवढं सगळं होतं. माणसाला खोटं बोलायचं नसतं आणि खरंही बोलायचं नसतं तेव्हा तो तांत्रिक बोलतो.

"साहेब, पडसादात दोष आहे," तो सहस्रबुद्ध्यांना म्हणाला. "आत कोणी नाही. मोटरीकडची बाजू उघडून पाहू द्या, अर्ध्या तासात सांगतो."

"बघा," सहस्रबुद्धे म्हणाले.

पण पडदा तोवर बाहेरच्या सव्वाशे जणांनी, म्हणजे शंभरांनी, वाचला होता. युनियनचा संतोष ठावरी मिलच्या कठड्यावर चढला. "नव्या गोळ्याखाली पोरगं गाडलं बे यांनी! जिवंत आहे अजून!"

सुरक्षा अधिकारी वाघधरे हा नियमाचा माणूस. त्याने हातात यादी घेऊन सांगितलं, की आधी सगळ्यांनी रांगेत उभं राहावं, माणसं मोजू, म्हणजे नक्की कोण नाही ते समजेल. या एका वाक्याने सगळं शांत झालं असतं. पण मोजणी म्हटल्यावर ज्यांच्या घोट्यावर पट्टे होते ते पंचवीस जण सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

"माणूस मरून राहिला आन् हा मोजून राहिला!"

वाघधरेच्या हातातली यादी फाटली, चष्मा फुटला, आणि कानशिलात बसली ती इतक्या जोरात, की हेल्मेट फिरून तोंडावर आलं. लोकांनी मिलचं झाकण खोललं आणि गोळे हाताने बाहेर काढायला सुरुवात केली. चौऱ्याऐंशी टन. दोन दिवसांचं काम.

घनश्यामला तेव्हा एक साधा उपाय सुचला. आपण सरळ गेटमधून बाहेर जायचं. पट्टा बाहेर गेला की प्रज्वल बाहेर गेला. पुढचं पुढे. तो पॅनलरूममधून निघाला आणि मिलच्या कडेने चालू लागला. वीस पावलं गेला असेल तोच मागे आरोळी उठली.

पडद्यावर लिहिलं होतं: 'देह सरकतो आहे.'

"सरपटून राहिला! हिंमत आहे पोरात!" ठावरी ओरडला, आणि त्याला घनश्याम दिसला. त्याने धावत येऊन त्याची कॉलर धरली. "काका, तुमचा जवाई आत गोळ्याखाली सरपटून राहिला आन् तुम्ही घरी चालले? कंपनीनं किती चारलं तुमाले?"

"संतोष, ऐक माझं..."

ठावरीने ऐकलं नाही, पोटात गुडघा मारला. दोघांनी घनश्यामला ओढत मिलपाशी परत आणलं. देह जागेवर परत गेला. लोक हळहळले: थकला असेल.

साडेअकराला स्वराली आली. गेटवरच्या रखवालदाराने तिला अडवलं, तिने त्याच्या हाताला चावा घेतला आणि आत आली. पडद्यासमोर उभी राहून नवऱ्याचे ठोके बघत राहिली.

"बाबा, ते तर नागपूरले गेले होते न?"

"हो... म्हंजे, तसंच."

"मंग आत कोण आहे?"

घनश्यामने फोन काढला. त्याने प्रज्वलला सातव्यांदा फोन लावला. बंद. आणि या वेळी त्याच्या मनात असं काही आलं, जे तीस वर्षांत कुठल्याही मोटरीसमोर आलं नव्हतं. गाडीत बसताना त्याला आपण पाहिलं होतं का? नाही. तो सकाळी काही राहिलं म्हणून मागच्या तुटक्या कुंपणातून आत आला असेल तर? यंत्र एक्क्याण्णव टक्के म्हणतं. आपल्याला किती टक्के खात्री आहे, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याला आकडा सांगता आला नसता. यंत्राचा हाच फायदा असतो. ते आकडा सांगतं.

ठोके शंभर झाले. स्वरालीने पदर तोंडात कोंबला.

बाराच्या सुमारास सहस्रबुद्ध्यांनी त्याला पॅनलरूममध्ये बोलावून दार लावून घेतलं. आत दोन रखवालदार होते आणि ओठ सुजलेला वाघधरे. स्टार्टरचं न ऐकता मिल सुरू करायची तर दोन किल्ल्या लागत. एक उपाध्यक्षांकडे, दुसरी फोरमनच्या गळ्यात.

"बोरकुटे, हे लोक दोन दिवस गोळे उपसणार. तोवर भट्टी थांबवावी लागेल. तुम्ही स्वतःच मला सांगितलंत की आत कोणी नाही."

"हो साहेब."

"खात्री आहे?"

"...हो."

"मग किल्ली द्या."

काचेपलीकडे स्वराली उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर तिच्या बापाने किल्ली फिरवायची, चौऱ्याऐंशी टन गोळे उसळणार, आणि झाकण तर उघडंच. आणि आत खरंच... घनश्यामने किल्ली मुठीत धरली.

"देत नाही."

"अहो, पण आत कोणी नाही ना?"

"नाही."

"मग?"

घनश्यामने मूठ आणखी आवळली. सहस्रबुद्ध्यांनी घड्याळ पाहिलं आणि रखवालदारांना मान हलवली. एकाने घनश्यामची मान टेबलावर दाबली, दुसऱ्याने पेटीतून मोठा पाना काढला.

"साहेब," वाघधरे पुढे झाला. सगळ्यांना वाटलं, तो अडवणार. "अवजार वापरताना हातमोजे सक्तीचे आहेत."

रखवालदाराने हातमोजे घातले आणि पाना घनश्यामच्या उजव्या मनगटावर मारला. पहिल्या फटक्याला हाड वाकलं, दुसऱ्याला मोडलं. तिसऱ्याला मूठ उघडली.

बाहेर पडद्यावर ठोके १४८ झाले.

"तळमळून राहिला!" कुणीतरी किंचाळलं. "मिल गरम केली त्यायनं! भाजून राहिले त्याले!"

पहिला गोळा काच फोडून आत आला. त्याने सहस्रबुद्ध्यांचा जबडा जिथे होता तिथून काढून कानाखाली नेऊन ठेवला. दुसरा हातमोजेवाल्या रखवालदाराच्या छातीवर बसला. फांदी मोडल्यासारखा आवाज आला. तीन किलोचं पोलाद माणसाच्या हाताने फेकलं तर फार लांब जात नाही. पण पॅनलरूम फार लांब नव्हती, आणि उपसलेल्या गोळ्यांचा ढीग दारातच होता.

घनश्याम टेबलाखालून सरपटत खालच्या केबलच्या भुयारात उतरला. तिथे अंधार होता, तारांचा उबट वास होता, आणि वरून येणारा प्रत्येक आवाज त्याच्या मनगटात जाऊन फुटत होता. लोक ओरडत होते ते आकडे त्याला ऐकू येत होते. एकशे बावन्न. एकशे साठ. त्याला समजलं की बाहेरचा सगळा जमाव त्याच्या काळजावर चालला आहे. तो घाबरला की ते पेटतात, ते पेटले की तो घाबरतो. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं होतं. तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. बिघाड सापडला की आधी वीज तोडायची.

त्याने डाव्या हाताने खिशातली पकड काढली आणि घोट्यावरचा पट्टा कापला.

वर एकदम शांतता झाली. एवढी की त्याला वाटलं, जमलं.

पडद्यावर आलं होतं: 'ठोके थांबले. वेळ १२:४७.'

मग जे झालं, त्याचा नीट क्रम पुढे पोलिसांनाही लावता आला नाही. वाघधरे हात वर करून लोकांना शांत करायला बाहेर आला होता. त्याच्या हेल्मेटवर एक गोळा बसला, हेल्मेट टिकलं. दुसरा बसला, तरी टिकलं. मग कुणीतरी हेल्मेट काढलं. मोजणीला सगळ्यांत मोठ्याने विरोध केलेल्यांपैकी एकाने शेजारच्या मिलच्या पॅनलचं दार पहारीने उचकटलं आणि रागाच्या भरात पहार आत, सहा हजार सहाशे व्होल्टच्या तांब्याच्या पट्ट्यांवर टाकली. वीज तिथे जळत नाही, फुटते. पांढरा उजेड पडला, तांब्याची वाफ झाली. चौघांचे चेहरे आणि हात भाजून सोलले गेले. पोलीस आले. त्यांनी लाठ्या चालवल्या, उत्तरादाखल गोळे आले. एका हवालदाराची गुडघ्याची वाटी फुटली. ठावरीच्या पाठीवर लाठी मोडली, तेव्हा त्याने तिचाच तुकडा घेऊन मोडणाऱ्याचे दात पाडले.

स्वरालीला घनश्याम भुयाराच्या तोंडाशी सापडला. ती गुडघ्यांवर बसली होती; हातांना काच लागून रक्त येत होतं.

"गेले ते, बाबा."

घनश्यामने कापलेला पट्टा तिच्यासमोर धरला. त्यावर प्रज्वलचं नाव होतं.

"हा तुमच्यापाशी काहून?"

"माझ्याच घोट्यावर होता. सकाळपासून. ते ठोके माझे होते, पोरी."

ती पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिने शेजारचा गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पायावर आपटला. पाऊल मोडलं. तो ओरडला, पण हलला नाही.

"प्रेत सापडलं तुमाले! त्याच्या हातचा काढून आणला! कंपनीनं सांगितलं?"

"जिवंत आहे तो! हैदराबादले आहे."

"हैदराबादले का करून राहिले?"

"केस लावून राहिला."

स्वराली थबकली. खोटं बोलणारा माणूस असलं काही सुचवू शकत नाही, हे तिला पटलेलं दिसलं. तिने एकदा मागे, धुराकडे आणि किंकाळ्यांकडे पाहिलं. मग तोच गोळा पुन्हा उचलला आणि दुसऱ्या पायावर आपटला.

घनश्यामने सगळं खरं सांगितलं: भुयारात तिला, ॲम्ब्युलन्समध्ये हवालदाराला, जिल्हा रुग्णालयात तहसीलदाराला. तहसीलदारांनी ते 'धक्क्यामुळे असंबद्ध' असं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्वल रुग्णालयात धावत आला. डोक्याला कपाळापासून मानेपर्यंत पांढरी पट्टी. पण त्या वॉर्डात चौतीस जणांच्या डोक्याला तशीच पट्टी होती. त्याची वेगळी अशी दिसली नाही. ठावरीने पालथ्या झोपल्या जागेवरून त्याला ओळखलं. "वाचला बे! गोळ्याखालून निघाला वाघ!" भाजलेल्यांपैकी ज्यांना रडता येत होतं ते रडले. कुणीतरी हार आणला. प्रज्वलने एकदा सासऱ्याच्या प्लास्टरमधल्या तीन अवयवांकडे पाहिलं आणि गळ्यात हार घालून घेतला.

स्वराली खाटेपाशी उभी होती. ती नवऱ्याच्या पट्टीकडे बघून एवढंच म्हणाली, "उतरवा आता हेलिकॉप्टर." मग ती बाहेर गेली. बापाला भेटायला ती पुढे रोज आली, डबा ठेवायची आणि जायची, बोलली नाही.

कंपनीचं निवेदन निघालं. जीवसाक्षीने वेळेवर इशारा दिल्यामुळे एका कामगाराचा जीव वाचला. नाडी थांबल्याची नोंद पट्टा तुटल्यामुळे झाली. हाणामारीतला मृत्यू अपघाताच्या व्याख्येत बसत नसल्याने, वाघधरे गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवरचा 'अपघाताविना दिवस' हा आकडा चारशे बारावरून चारशे तेरा झाला. कंपनीचा वकील घनश्यामच्या खाटेपाशी कागद घेऊन आला. त्यात घनश्यामने कुणाचाही पट्टा कधीही बांधला नव्हता, त्याची नोकरी शाबूत होती आणि जावई शूर होता. जे वाचवण्यासाठी तो त्या सकाळी गप्प बसला होता, ते सगळं एका पानावर टंकून आणलं होतं.

"खरं तसं नाही," घनश्याम म्हणाला.

"तुमच्या जावयाने सही केली आहे," वकील म्हणाला.

घनश्यामने दाराकडे पाहिलं. रिकामा डबा न्यायला स्वराली तिथे येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. ती काही म्हणेल, म्हणून त्याने वाट पाहिली. ती डबा घेऊन गेली. त्याने कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवला.

नवव्या दिवशी स्टार्टर बनवणाऱ्या कंपनीची एक इंजिनिअर आली. तिने मोटरीच्या बाजूची जोडणीपेटी उघडली. मधल्या टर्मिनलला आणि पेटीच्या पत्र्याला चिकटून एक मेलेली पाल होती. झटक्याची वीज तिच्यातून झिरपत होती, त्यामुळे पडसाद परत येत नव्हता. तिने पाल चिमट्याने काढली, जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसली आणि बटण दाबलं. मोटर अकरा सेकंदांत सुरू झाली.